कोऱ्या पाण्याची बाटली

शमीमआपा,

उद्या ग्रामसभा आहे. पत्र तुम्हाला लिहितोय, पण तिथं मोठ्यानं वाचणार आहे, शाळेच्या बोअरचं पाणी ज्यांची लेकरं पितात त्या सगळ्या आईबापांसमोर. आमची तक्रार एकच: त्या पाण्यात काय आहे, हे अजून कुणी सांगत नाही!

तुम्हाला माती दिली आणि थोड्याच दिवसांत तपासणीची गाडी आली. किती अर्ज केले होते तुम्ही त्यासाठी! नेहमीच्या तपासणीत क्षार बघतात, जंतू बघतात. बोअरशेजारी फवारणीचे पंप धुतात, त्या तणनाशकाचं काय, हे विचारणाऱ्या विज्ञानाच्या बाई एकट्या तुम्ही. अजून थोडं थांबायला काय झालं होतं, आपा?

कोऱ्या बाटलीचं तुम्हीच मला ओट्यावर बसवून समजावलं होतं. प्रयोगशाळेतून एका बाटलीत अगदी शुद्ध पाणी येतं. ती बोअरपाशी उघडायची, नमुन्यासारखीच हाताळायची, बंद करून नमुन्यासोबत परत पाठवायची. तिच्यातही तणनाशक सापडलं तर ते बोअरचं नसेल, हाताचं किंवा बाटलीचं असेल.

"एवढी कटकट कशाला?" मी म्हणालो.

"दिगू, भाजी खारट लागली तर आधी ताट धुतलंय का बघ. मग सुनेला बोल!"

आणि आपल्या गावानं काय केलं? गाडी आली म्हणून बोअरची पूजा मांडली! हळदकुंकू, नारळ, फोटो. कलशात पाणी हवं होतं. पूजेत पुढं असलेले सुभानकाका म्हणाले, "बोअरचं नगं रं, त्येच्यावर तर शंका हाय. देवाला चोख पाणी लागतंय." झालं! गाडीतलं सगळ्यात चोख पाणी, त्या कोऱ्या बाटलीतलं, कलशात गेलं.

नमुने घेणारा ओरडला, "अहो, ते नका घेऊ!"

"असं काय करता साहेब? परत भरून देतो की!" काकांनी दिलीही भरून. बोअरच्याच पाण्यानं! मी तालुक्याहून, भूमहून पोचेपर्यंत नारळ फुटला होता.

अहवाल आला. दोन्ही बाटल्यांत तणनाशक. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "कोऱ्या बाटलीतही आहे. भरणाऱ्याच्या हाताला असेल. अहवाल ग्राह्य धरता येत नाही."

मी सगळं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "मग कोरं पाणी कुठंय?"

"कलशात."

"कलश आम्ही तपासत नाही."

अहो, मग गाडी पुन्हा पाठवा ना! नमुने घेणाऱ्यानं घडलेलं लिहून का दिलं नाही? आणि गाव खूश! पारावर म्हणतात, "बगा, पाण्यात कायबी निगालं न्हाय." रद्द झालेला अहवाल म्हणजे चांगलं पाणी नव्हे, हे किती वेळा ओरडून सांगू? घसा बसला माझा!

सुभानकाका काल घरी आले. त्यांची नात त्याच शाळेत आहे. म्हणाले, "आपा असती तर तिनं माजा हात धरला असता."

आपा, वचन देतो. पुढच्या वेळी त्या बाटलीपाशी मी उभा राहीन, काकाही राहतील. नारळ फुटेल तो गाडी गेल्यावर.

आणि समोर बसलेल्यांनो, आता ठराव मांडतोय: नमुना पुन्हा घ्या, आणि कोरी बाटली सगळ्यांदेखत उघडून सगळ्यांदेखत सील करा. आपांचे सगळे अर्ज एकटीच्या सहीचे होते. आज हात वर करा!

तुमचा,
दिगू