खंडेनवमीचा चेंडू

खैरगाव, ४ सप्टेंबर १९९३

ती. दत्तूकाकांस,
कविताचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या फुटबॉल क्लबला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. शाळेत मराठी शिकवते म्हणून स्मरणिकेतला इतिहास माझ्या गळ्यात पडलाय. एका शीतपेयवाल्याने जर्सी दिल्या. पाठीवर गावापेक्षा बाटली मोठी.

तुम्ही जुने कप्तान, म्हणून विचारते. एक्कावन्नच्या दसऱ्याला आपण अंतिम सामना हरलो, तो गोलकीपर एकनाथरावांच्या हातून चेंडू सुटला म्हणून, असं सगळे सांगतात. हेच छापणार असाल तर समारंभाला येत नाही, असं ते म्हणतात. काय करू?

काकूंना नमस्कार. उत्तराची आणि तुमच्या रागावण्याची वाट पाहणारी,
कविता

चिक्कडपल्ली, १३ सप्टेंबर

चि. कवितास अ. उ. आशीर्वाद.

ते छापू नकोस. सामन्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. घरोघर नांगर-कोयते पूजेला मांडलेले. क्लबचं हत्यार म्हणजे चेंडू, तो कप्तानाच्या घरी. मी कातड्याला करडईचं तेल चोळलं, कौतुकाने जरा जास्तच. सकाळी पुसला, पण शिवणीत मुरलेलं तेल उन्हात सुटलं. पलीकडच्या गोलकीपरचेही हात माखले असते, पण आम्ही त्याच्यापर्यंत पोचलोच कुठे?

मैदानावर सगळे एकनाथला वाट्टेल ते बोलले. मीही बोललो. मग वकिलीसाठी हैदराबादेत आलो आणि बेचाळीस वर्षं गप्प राहिलो. लाज वाटते. आशिष म्हणतो, बाबा, परेशान नक्को होऊ. तुझी काकू म्हणते, लोकांचे कबुलीजबाब घेण्यात जन्म गेला, स्वतःचा एक देववला नाही.

हे पत्र माझ्या सहीनिशी छाप. मला मात्र बोलावू नकोस, त्याच्यासमोर उभं राहवणार नाही.

या काकावरची माया जमेल तेवढी राहू दे.
दत्तात्रय

खैरगाव, २३ सप्टेंबर

ती. काकांस शि. सा. न.

पत्र एकनाथरावांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तेलाचा वास त्यांना मैदानावरच आला होता म्हणे. पण पूजेच्या तेलाला दोष कसा द्यायचा, म्हणून बोलले नाहीत. दत्तू आपणहून सांगेल, असं त्यांना वाटत राहिलं.

पत्र छापायला त्यांनी मनाई केलीय. दोन तारखेला ते तुम्हाला न्यायला येताहेत, एस.टी. दुपारी दोनला गौलीगुड्याच्या स्टँडवर पोचते. मी पत्ता लिहून देत होते, तो घेतला नाही. म्हणाले, दत्तू स्टँडवर आला तर त्याच्या घरी जेवेन, नाही आला तर त्याच गाडीने परत फिरेन.

तुम्हा दोघांचीही लाडकी,
कविता