परतीची सोय

बाई, तुम्हाला एक बातमी सांगायची आहे. तुम्ही गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी ती पेपरात आली, आतल्या पानावर, चार-पाच ओळींत. रशियाने यानातून पृथ्वीभोवती फिरायला पाठवलेली ती कुत्री आठवडाभर जगली आणि मग तिला त्रास न होता झोपवलं, असं आपल्याला तेव्हा सांगितलं होतं ना, ते खरं नव्हतं. ती काही तासांतच गेली. यानाच्या आत उष्णता वाढत गेली आणि तिला ती सोसली नाही. तिथल्या लोकांना हे ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. मी वडाळ्याच्या खोलीत चहा घेत ती बातमी वाचली, उठून कात्री आणली आणि कापून ठेवली. कुणाला दाखवायची, हे ठेवून झाल्यावर लक्षात आलं. आता मी ऐंशीला टेकले आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटायला आलाय. तुम्हाला लिहायचं तर आता लिहिलं पाहिजे.

तुम्ही गिरगावातून ट्रामने परळला यायचात. बारीक काठाची पांढरी साडी, खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत विणकामाच्या सुईवर खोवलेला लोकरीचा गुंडा. ती आमची पृथ्वी. आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता, दुर्बीण तर सोडाच. आम्ही सगळ्या गिरणी कामगारांच्या मुली. शिवण आणि स्वयंपाक शिकवला की झालं, असं बऱ्याच घरांत मत होतं. तुम्ही आठवीच्या वर्गात येऊन सांगितलंत की माणसाने एक गोळा वर फेकलाय आणि तो खाली पडत नाहीये. "का पडत नाही?" असं आम्हालाच विचारलंत. कुणी म्हणालं, हवेने. कुणी म्हणालं, देवाने. तुम्ही हसला नाहीत. "तो पडतोच आहे," म्हणालात, "पण इतक्या वेगात पुढे जातोय की पडता पडता पृथ्वीच त्याच्याखालून वाकून जाते." मला ते त्या दिवशी कळलं नाही. चाळीच्या जिन्यावर बसून मी दोन दिवस तेवढाच विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

मग तुम्ही आम्हाला दिवेलागणीला शाळेच्या गच्चीवर बोलावलंत. पहिले दोन दिवस गिरण्यांच्या धुरापलीकडे काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी वारा होता. तुम्ही हात लांब करून उभ्या आहात, आम्ही वीस-बावीस मुली तुमच्या बोटाच्या रेषेत माना वळवून, आणि प्रभादेवीच्या अंगाने एक ठिपका निघतो. लुकलुकत नाही, आवाज नाही, सरळ चालत वडाळ्याकडे जातो आणि मध्येच विझतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "आत्ता दिसलं ते रॉकेटचं रिकामं नळकांडं होतं. खरा उपग्रह एवढासा आहे, तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही." मी लगेच म्हणाले, "मला तोही दिसला, बाई! मागोमाग होता." तुम्ही माझ्याकडे वळलात. "दिसला नाही तर नाही दिसला म्हणावं," म्हणालात. "अशाने शास्त्र होत नाही गं." सगळ्यांसमोर. मी इतकी ओशाळले की सगळ्यांच्या आधी जिना उतरून घरी गेले.

महिनाभराने कुत्रीची बातमी आली. आमच्या घरीही तिचंच बोलणं. आईला उपग्रहाचं काही पडलं नव्हतं, पण कुत्रीचं ऐकून तिने भाकरी थापता थापता विचारलं, "त्या कुत्र्याक खावक घातल्यानी की नाय?" मी म्हटलं, घातलं असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात मीच हात वर केला. "बाई, ती परत कधी येणार?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. वर कसं जायचं ते माणसाला कळलंय, म्हणालात, खाली कसं यायचं ते अजून कळलेलं नाही. हवेत शिरताना यान तापतं, जळतं. "परत येण्याची सोय केलेली नाही." मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "म्हणजे ती हुतात्मा झाली ना, बाई?" तेव्हा हा शब्द आमच्या सगळ्यांच्या तोंडी होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबारात गेलेल्यांचे फोटो नाक्यानाक्यावर लागलेले असायचे. तुमच्या भावाचाही फोटो गिरगावात आहे, हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे तुम्ही आमच्यासाठी थोड्या मोठ्याच होतात.

तुम्ही म्हणालात, "नाही. हुतात्मा आपणहून जातो. तिला कुणी विचारलं नव्हतं." आणि थांबला असतात तर काही झालं नसतं. पण तुम्ही खिडकीकडे पाहत पुढे बोललात, "माझ्या भावालाही कुणी विचारलं नव्हतं. आईला दम लागला होता, तो औषध आणायला खाली उतरला. सगळे म्हणतात त्याने प्राण दिले. त्याने दिले नाहीत. त्याच्याकडून घेतले." मग फळा पुसलात आणि आम्हाला वहीत यानाची आकृती काढायला सांगितलीत.

हे मी घरी सांगितलं. संध्याकाळी, बाबा जेवत असताना. बाबा तेव्हा चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आले होते. पाळीवरून आले की दारात माणसं थांबलेली असायची, घरात ते पाहुण्यासारखे असायचे. मी तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, भावाच्या औषधासकट. बाबांचा घास हातात राहिला. "परत सांग बघू," म्हणाले. मी परत सांगितलं. तुम्हाला हे ठाऊक नसेल, बाई: बाबांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस त्याच गोळीबारात गेला होता. त्याला उचलून नेणाऱ्यांत बाबा होते. त्यांचा तो सदरा आईने धुतला नाही, जाळला. बाबा ताटावरून उठले. "घेतले म्हणता ती?" म्हणाले. "म्हणजे आमचो माणूस फुकट मेलो?"

दुसऱ्या दिवशी ते चाळीतल्या दोघांना घेऊन शाळेत आले. मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. मुख्याध्यापिकाबाई टेबलामागे बसल्या होत्या, बाबा आणि ते दोघं भिंतीशी, आणि तुम्ही खिडकीपाशी उभ्या. तुमच्या बोटांना खडू लागलेला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "घाबरू नकोस. वर्गात बाई काय म्हणाल्या ते सांग." मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. मला एकदम वाटलं की औषधाचं सांगितलं, तुम्ही फक्त तुमच्या भावाबद्दल बोलला होतात हे कळलं, तर बाबा खोटे पडतील, या दोन माणसांसमोर. मी म्हणाले, "बाई म्हणाल्या, हे हुतात्मे नव्हतेच. कुणी आपणहून प्राण दिले नाहीत."

मोठ्या बाईंनी तुम्हाला विचारलं, "असं म्हणालात तुम्ही?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. गच्चीवर पाहिलं होतं तसंच. मला वाटलं आता म्हणाल, दिसलं नाही तर नाही दिसलं म्हणावं. पण तुम्ही म्हणालात, "हो. बरोबर सांगते आहे ती." बाबांची नजर माझ्यावरून खाली गेली. आदल्या दिवशी माझ्याकडून सगळं ऐकलेला त्या खोलीत तेवढा एकच माणूस होता, आणि तो जमिनीकडे पाहत होता.

तुम्ही नाताळच्या सुट्टीनंतर आला नाहीत. तुमच्या जागी आलेल्या बाई पुस्तकातून वाचून दाखवायच्या. पुढे कळलं की तुम्हाला दुसऱ्या शाळेतही घेतलं नाही. हुतात्म्याची बहीण असून हुतात्म्यांविरुद्ध बोलते, असं तुमचं नाव झालं होतं. तुम्ही घरी शिकवण्या घेत होतात.

त्यानंतर मी तुम्हाला एकदाच पाहिलं. राज्य झालं, मुंबई मिळाली, तेव्हा बाबा आम्हाला गिरगावात रोषणाई दाखवायला घेऊन गेले. नाक्यावर मंडप होता आणि हुतात्म्यांच्या घरच्यांना शाल-श्रीफळ देत होते. तुमची आई तुमच्या हाताला धरून पायऱ्या चढली. तिला वर बसवून तुम्ही खाली आलात आणि गर्दीच्या कडेला माझ्यासमोरच उभ्या राहिलात. फार वाळला होतात. मी पाया पडायला वाकले तर तुम्ही मध्येच धरलंत.

"केवढी उंच झालीस गं. आता अकरावी?"

"हो, बाई."

"सायन्स सोडलं नाहीस ना?"

"नाही."

"चंद्राच्या पाठीमागचे फोटो पाहिलेस? रशियाने काढलेले?"

मी पाहिले नव्हते, आणि या वेळी तसं सांगितलं. तुमचा चेहरा जरा उजळला. "धुरकट आहेत, पण पाहा. आपल्या बाजूला केवढे काळे डाग, आणि तिकडे जवळजवळ नाहीतच. इतकी वर्षं लोक चंद्र बघतायत, आणि हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं." तेवढ्यात कर्ण्यावरून तुमच्या भावाचं नाव घेतलं गेलं. लोक जयजयकार करू लागले. वर तुमची आई पदर तोंडाला लावून रडत होती. तुम्ही तिच्याकडे बघत म्हणालात, "तिला ते ऐकून बरं वाटतं. वाटू दे." मी तेव्हा बोलायला हवं होतं. गोंगाट फार आहे असं मी स्वतःला सांगितलं. बाबा दहा पावलांवर उभे होते. त्यांनी तुम्हाला पाहिलं, आणि आईला बांगड्यांच्या दुकानाकडे घेऊन गेले.

दोन वर्षांनी तुम्ही छातीच्या आजाराने गेलात. मला ते महिन्याभराने कळलं, वर्गातल्या एका मुलीकडून, लालबागच्या बाजारात. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. "अगं, आपल्या सायन्सच्या बाई गेल्या," म्हणाली, आणि पुढे भाव करायला वळली.

तुम्ही आणखी एक वर्ष थांबायला हवं होतं. पहिली बाई अवकाशात गेली आणि धडधाकट परत आली. तीन दिवस फिरून आली. आधी ती कापडगिरणीत कामाला होती, असं पेपरात छापून आलं तेव्हा बाबांनी चाळीच्या गॅलरीत उभं राहून ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. "गिरणीतली पोर!" म्हणत होते. बायका पाण्याच्या रांगेतून वर बघत होत्या. मी आत स्टोव्हपाशी बसून राहिले. पुढे मी शिक्षिका झाले, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी एवढा गोंधळ घातला की शिकवताच आलं नाही. चांगली शिक्षिका होते असं लोक म्हणतात. तुमच्याएवढी नव्हते. कुठलं वाक्य कुठे थांबवायचं ते मला नेहमी माहीत असायचं.

बाबा गेले ते गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर. शेवटच्या आठवड्यात ते फारसं बोलत नव्हते. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "त्या दिसा शाळेत तू अर्धाच सांगलंस गो," म्हणाले. "आणि मी गप रवलंय." मी चमचा धरून बसले. एवढी वर्षं आम्ही एका खोलीत जेवलो होतो आणि तुमचं नावसुद्धा काढलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी फक्त हो म्हणायचं होतं. मग आम्ही दोघं मिळून ते ओझं धरलं असतं, निदान तेवढी दुपार. मी म्हणाले, "माका नाय आठवत, बाबा." त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पेज तशीच राहिली.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाहीच आहे. तुमची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली, तुमच्या आईनंतर त्या खोलीत कोण राहिलं ते मला ठाऊक नाही. पण उशीर झाला म्हणून लिहिता आलं नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्ही होतात तोवर तुमचा पत्ता मला पाठ होता, खोलीच्या नंबरासकट. परळला टाकलेलं कार्ड गिरगावात दुसऱ्या दिवशी मिळायचं. मी एकदा आणलंही होतं. मग त्यावर धोब्याच्या कपड्यांची यादी लिहिली.