एकेचाळीस कार्यक्रम, ब्याऐंशी केबी

२ जानेवारी २०२५, गुरुवार
नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही. सकाळी अकरापर्यंत पाळला.

कौशल्याबाई आल्या. वाचनालयाची जागा दिली ती त्यांच्या मालकांनी, आबाजींनी. आबाजी २००३ साली गेले. बाईंचं म्हणणं, फोटू घरात हाय, पर आवाज न्हाई कुठं. उद्घाटनाच्या शूटिंगमध्ये आहे तेवढाच. तो एकदा ऐकायचाय. मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम. सव्वीस जानेवारीला सगळ्यांसमोरच दाखवतो. आबाजींचं भाषण गाजलं होतं, मला चांगलं आठवतं.

अठ्ठ्याण्णव साली मी, इथला ग्रंथपाल, व्हिडिओ विभाग काढला तेव्हा अख्खं थेरगाव हसलं होतं. कॅसेटवरून सीडी, सीडीवरून पेनड्राइव्ह, प्रत्येक वेळी मी काळाच्या एक पाऊल पुढे.

३ जानेवारी
पेनड्राइव्ह काढला. एकेचाळीस कार्यक्रम, एकूण ब्याऐंशी केबी. इतक्या कमी जागेत इतका ठेवा बसवणं सगळ्यांना जमत नाही. उघडले मात्र नाहीत. कॉम्प्युटर हट्टी आहे.

४ जानेवारी
लिपिक दिपालीबाईंनी बघितलं. त्या मूळच्या परभणीच्या, स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, सर, हे सगळे शॉर्टकट आहेत. तुम्ही घराच्या पाट्या काढून आणल्या, घरं तिथंच राहिली.

तिथंच म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमध्ये. जुना कॉम्प्युटर एकवीस साली भंगारात गेला. जावक क्रमांकासहित. सही माझी.

शॉर्टकटला शॉर्टकट असं ठळक लिहायला नको का? कोपऱ्यात मुंगीएवढा बाण काढतात. चूक त्यांची.

७ जानेवारी
सीड्या आहेत की! पण कपाटात नाहीत. मग आठवलं, पेनड्राइव्ह झाल्यावर सगळ्या सयाजींना दिल्या होत्या. ते आमचे कार्यकारिणी सदस्य, मारुंजीत त्यांची वांगी आहेत. पाखरं उडवायला चकाकणाऱ्या सीड्या झाडांना टांगतात.

स्कूटरवर गेलो. वांग्यांचा एकच पट्टा उरलाय, बाकी सगळीकडे पीजी आणि पाण्याचे टँकर. उद्घाटनाची सीडी सापडली, वरचा चकाकता थर पोपडे धरून निघालेला. आरपार सयाजी दिसत होते. ते म्हणाले, पाखरं बी न्हाई भीत आता त्याला, वरच बसत्यात.

घरी आल्यावर लक्षात आलं, नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला खाचच नाही. म्हणजे सीडी चांगली असती तरी उपयोग नव्हता. जरा बरं वाटलं.

१० जानेवारी
मूळ कॅसेट शोधतोय. दाखल नोंदवहीत तिच्यापुढे शेरा: 'कालबाह्य. बाद.' अक्षर सुंदर. माझंच.

निमंत्रणपत्रिका छापून आल्या. 'कै. आबाजींच्या भाषणाची दुर्मिळ चित्रफीत'. आता मागे फिरणं नाही. तशी अजून काळजी नाही.

१३ जानेवारी
काळजी आहे. कौशल्याबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, हल्ली मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायला बसते, पर त्यांचा आवाजच आठवंना. एकटीनं कितीक भांडायचं?

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तोही गार आला.

१४ जानेवारी
सापडली! संदर्भ विभागातल्या लोखंडी कपाटाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली कॅसेट. झाडताना दिपालीबाईंना दिसली. मी ती जपून ठेवली होती असं सांगितलं. त्यांनी हातावर तिळगूळ ठेवला.

कॅसेट ओढली आणि कपाट माझ्या अंगावर कललं. विश्वकोशाचे चार खंड पायावर. तेही आता कुणी वाचत नाही, पायावर पडायला मात्र आहेत.

१७ जानेवारी
डांगे चौकाजवळ ज्योतीरामचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तो लातूरकडचा. कॅसेट बघून म्हणाला, सर, ह्याचं काय करायलाव तुम्ही? बुरशी आलीय. पण माणूस चांगला. पट्टी हाताने पुसतो म्हणाला, माळ्यावरचा व्हीसीआरही काढला.

२२ जानेवारी
कॅसेट चालते! ज्योतीरामने सुरुवातीची दोन मिनिटं लावून दाखवली. बारीक, काळ्याभोर केसांचा तरुण माइककडे येतोय. मी! तो म्हणाला, पुढचं बी बघून घ्या एकदा. मी म्हणालो, गरज नाही, मी स्वतः तिथे हजर होतो.

२६ जानेवारी, दुपारी दोन
झेंडावंदन झालं. साठएक माणसं. कौशल्याबाई पहिल्या रांगेत, नव्या नऊवारीत. ज्योतीरामने व्हीसीआर सुरू केला.

माझं प्रास्ताविक सुरू झालं. ताम्रपटापासून. मग भूर्जपत्रं. मग छापखाना. दहा मिनिटं झाली तरी मी अजून थेरगावात पोचलो नव्हतो. मागे कुणीतरी हसलं. सयाजी तंबाखू मळत बाहेर गेले. इतकं लांबलं होतं हे मला आठवतच नव्हतं. घामाघूम झालो.

एकोणतिसाव्या मिनिटाला पडद्यावरचा मी म्हणालो, 'आता आबाजींना दोन शब्द बोलण्याची विनंती करतो.' टाळ्या. धोतराचा सोगा सावरत कुणीतरी उठलं.

आणि निळा पडदा.

अर्ध्या तासाची कॅसेट संपली होती. सगळी मीच खाल्ली होती.

मी कौशल्याबाईंकडे बघायला धजलो नाही. त्याच म्हणाल्या, जरा मागं घ्या. मला क्षणभर वाटलं, ताम्रपटाचा भाग त्यांना आवडला असेल. ज्योतीरामने पार सुरुवातीपर्यंत मागे घेतलं, तर त्या म्हणाल्या, न्हाई, एवढं न्हाई. छापखान्यापाशी.

ज्योतीरामने लावलं. मी छापखान्यावर बोलतोय, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून, माइकमध्ये अगदी स्वच्छ, जाडाभरडा आवाज:

'आवरा की राव, भजी गार व्हत्यात.'

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. म्हणाल्या, ह्योच. परत लावा.

अकरा वेळा लावलं. लोक जेवायला गेले. पाचव्या वेळी मी ज्योतीरामला हळूच विचारलं, माझा आवाज काढून टाकता येईल का? तो म्हणाला, दोन्ही एकाच पट्टीवर हायत सर.

बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या तुमचा बी. तुमी बोलत ऱ्हायला नसता तर ते कशाला बोलले असते?

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या वक्तृत्वाला मिळालेली ही पहिली पावती.

२७ जानेवारी
ज्योतीरामने फाइल करून दिली. शॉर्टकट नाही, दिपालीबाईंनी तपासली. कौशल्याबाईंच्या मोबाइलवर पाठवली.

कॅसेटपुढचा 'बाद' शेरा खोडला. नवी नोंद केली: वक्ते, कै. आबाजी. भाषण, सहा शब्द. व्यत्यय, ग्रंथपाल.