भिवाची मेंढरं आणि माझं पेपरवाचन

१२ मे, सोम.
सकाळी नेहमीप्रमाणे नानाच्या हाटेलात पेपर वाचला, मग दुकान उघडलं. शाळा सातवीपर्यंतच, पण जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं रिवायंडिंग आणि वाचन दोन्ही स्वतःच शिकलो. चौसाळ्यात माझ्याइतकं स्पष्ट कुणी वाचत नाही. आज आपल्या पुढाऱ्याच्या सभेची बातमी होती. त्यांच्या गाडीची काच फुटली, धनगरवस्तीतून दगड आला, मेंढपाळ भिवावर संशय. आबासाहेब, आमच्या गटाचे म्होरके, म्हणाले, "परत वाच बे." नावावर जोर देऊन परत वाचलं. 'पोलिसांनी दुजोरा दिलेला नाही' ही शेवटची ओळ दोन्ही वेळा सोडली. चहा गार होत होता म्हणून. असं म्हणू.

१३ मे, मंगळ.
विरोधकांचा पेपर दुकानात, एकट्यानं. त्यात म्हटलंय की गाडी मागं घेताना खांबाला धडकली. फोटो आहे. मागचं दार वरपासून खालपर्यंत उभं चेपलेलं. दगडानं असं चेपत नाही. पण ड्रायव्हर प्यायलेला होता, असंही लिहिलंय. तो माळकरी माणूस. एवढी एक थाप सापडली आणि मला बरं वाटलं. अख्खा पेपर बाजूला टाकला.

१५ मे, गुरु.
भिवा आला. आबासाहेबांच्या रानात मेंढरं बसवायचं ठरलेलं, खत त्यांना, ज्वारी याला. आता ते नको म्हणाले. मग शेजारच्यांनीही नको म्हटलं. कळप हायवेच्या कडेला. एक कोकरू ट्रकखाली गेलं.
"दादा, तुमी वाचलं म्हणल्यावर नाव आलंच असंल. पण मी त्या दिवशी कपिलधारला, देवाला गेलतो. मग माझं नाव कावून, कशापायी आलं?"
छापणाऱ्याला विचार, म्हणालो. त्याला अक्षरओळख नाही. कुणाला विचारणार तो.
माझं दीड एकर रिकामं पडलंय. ते तेव्हा सुचलं नाही. नाही, सुचलं होतं.

१८ मे, रवि.
विरोधकांचा पेपर घेऊन हाटेलात गेलो. फोटो दाखवला. नाना: "आधी हा कुणाचा पेपर हाय ते सांग." आबासाहेब: "आता तिकडून चहा मिळतो का बे तुला?" हशा.
मग आपलाच सोमवारचा पेपर उघडला. शेवटची ओळ वाचली. म्हणालो, ही त्याच दिवशी छापलेली होती, मी मुद्दाम सोडली.
मग आबासाहेब म्हणाले, "बरं केलंस. पोलिस कुणाचे हायेत, ते आमाला काय ठाऊक न्हाई?" माना हलल्या. नानानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.
शिव्या दिल्या असत्या तर घरी येऊन जेवलो असतो.

२१ मे, बुध.
भिवाला बोलावून घेतलं. म्हणालो, मेंढरं माझ्या रानात बसव, ज्वारी देतो.
"तुमचीच मान्सं तुमाला लई तरास देतील, दादा."
देऊ देत, म्हणालो. लगेच नव्हे, आधी रस्त्यावर कुणी आहे का ते बघून.
"हाटेलात सांगितलं का, मी नव्हतो म्हणून?"
सांगितलं.
"मग काय म्हणले?"
हातातल्या मोटारीच्या तारेचे वेढे मोजत होतो. मोजणी चुकली. पहिल्यापासून घेतली. तो दारात उभाच.