जवळात जवळचं उत्तर

छोट्या,

चिठ्ठी मुद्दाम दाराला बाहेरून चिकटवलीय. वाचल्याशिवाय आत जाऊ नकोस.

मी आईला घेऊन मावशीकडे चाललेय. जेवण झाकून ठेवलंय. तुझी ऑफिसची एक्सेल शीट दुरुस्त केली. नंबरावरून नाव शोधणाऱ्या व्हीलूकअप फॉर्म्युल्याच्या शेवटी फॉल्स लिहायचं असतं, किती वेळा सांगितलं तुला! ते नसलं की यादीत नसलेल्या नंबरालाही फॉर्म्युला ‘नाही’ म्हणत नाही, जवळच्या नंबराचं नाव बेधडक आणून देतो. म्हणून तर नोकरी सोडून गेलेल्यांच्या जागी भलत्यांचीच नावं येत होती.

दादा गेल्यापासून आई त्याला हाका मारते आणि तिला बरं वाटावं म्हणून तू ओ देतोस. मी चिडले की म्हणतोस, ‘काय बिघडतं?’

आज दुपारी तिने दादाला हाक मारली आणि आतल्या खोलीतून ओ आली. तुझ्या आवाजात. वाटलं, तू लवकर आलास. जाऊन बघते तर खोली रिकामी. म्हणून तर तुला फोन केला, ‘कुठे आहेस?’ विचारायला. तू म्हणालास, ‘ऑफिसात, अजून कुठे असणार?’

तेवढ्यात आईने तुला हाक मारली. पुन्हा ओ आली. या खेपेला माझ्या आवाजात. मी आईशेजारीच उभी होते रे, तोंड मिटून.

आत गेल्यावर सवयीने ‘ताई’ म्हणून हाक मारू नकोस. मी घरात नाही, पण ओ येईल.

ताई