होल्डची चिठ्ठी

आबा, मला भीती वाटते आहे. ही भीती घरात कुणाला सांगितलेली नाही, म्हणून चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसून, जुन्या जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहिते आहे.

छातीतली गाठ काढून चार वर्षं झाली. तेव्हापासूनची रोजची गोळी एकदाही चुकवली नाही. तरी परवाच्या स्कॅनमध्ये गाठ मणक्यात दिसली. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी आता लागू पडत नाहीये. परतताना रिक्षात पोरीनं विचारलं, "मम्मी, गोळ्या चुकवल्या नाहीस ना? खरं सांग." मी नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. ती बाहेर बघत राहिली.

हेच मी तुम्हाला विचारलं होतं, तेही तुमच्यासारख्या माणसाला. फुफ्फुसातल्या गाठीवर तुमची गोळी छान लागू पडली होती, तुम्ही जिना चढायला लागला होतात, आणि मग खोकला परत आला. मी भाकऱ्या थापत होते. तशीच पिठाच्या हातांनी तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, आम्ही मरमर करायची आणि तुम्ही गोळ्या उशीखाली लपवायच्या. तुम्ही म्हणालात, "घेतो गं पोरी, रोज घेतो." मी तवा आपटला. तुम्ही अर्धी भाकरी ठेवून उठलात.

काल डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, मग चुकलं कुणाचं? त्या म्हणाल्या, "कुणाचंच नाही. पेशीत आरएनएचे अगदी छोटे तुकडे असतात. काय बनवायचं याचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएला ते चिकटतात आणि ते काम थांबवतात. गाठीत यातले काही कमी होतात, काही भलतेच वाढतात. मग थांबवायचं काम चालू राहतं, चालवायचं थांबतं. पेशी औषध बाहेर फेकते, नाहीतर मरायचं सोडून देते." हे एक कारण, आणखीही असतात, आणि माझ्यात नेमकं कोणतं ते सांगणारी तपासणी अजून त्यांच्या हातात नाही. मी म्हणाले, "म्हणजे होल्डची चिठ्ठी निघाली." त्या नुसत्या हसल्या. तुम्हाला कळलं असतं.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही इन्स्पेक्शनला होतात आणि मी तुमच्या हाताखाली नवीन. मालाची शंका आली की तुम्ही क्रेटला होल्डची लाल चिठ्ठी बांधायचात. ड्रॉइंग बरोबर असो, मशीन बरोबर असो, चिठ्ठी आहे तोवर माल हलायचा नाही, आणि ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची. ऑडिटवाले येणार म्हणून मी साफसफाई करत होते. तेलानं काळा पडलेला एक कागद लोंबत होता, तो ओढून कचऱ्यात टाकला. माल गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चिठ्ठी कुणी काढली?" तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून निघाली, साहेब." घरी जाताना मात्र गाडी बाजूला घेऊन मला झापलंत. "कागद केवढा हाय ते बघू नगं. त्याच्यावर काय लिवलंय ते वाच."

आता माझ्या आत कुठेतरी असाच माल सुटला आहे. सोमवारपासून नवीन औषध. ते लागू पडेल, डॉक्टरीणबाई म्हणतात. किती दिवस, ते त्या सांगत नाहीत आणि मलाही विचारायचं धाडस होत नाही. जिना चढताना पाठ दुखली की मी रेलिंग धरून उभी राहते आणि पोरीला सांगते, चप्पल सैल झाली.

जेवणाची सुट्टी संपत आली. हे कार्ड पर्समध्येच राहील. एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेल्यावर दहाव्याच्या आधी मी तुमचा औषधांचा डबा उघडला. बिलांवरच्या तारखा लावून गोळ्या मोजल्या. एकही जास्तीची नव्हती. उशीखाली बघितलं, गादी उलटून बघितली. त्यानंतरही आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, यांनी गोळ्या नीट घेतल्या असत्या तर. आणि मी, आबा, दरवेळी मान हलवली.