वाढलेले सात अंश

मु. पो. आपलं गाव, ता. निलंगा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

श्री. आदिनाथराव यांना,
शिवकुमार सरांचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. तुमची लेक शिवांगी सहावीत आहे आणि मी तिचा शिक्षक, एवढीच आपली ओळख. गेल्या पोळ्याला सुट्टीवर आला होतात तेव्हा शाळेत येऊन भेटला होतात. पत्ता तुमच्या आईंकडून, गुणाबाईंकडून घेतला. वर बर्फातल्या तुमच्या लष्करी ठाण्यावर फोन लागत नाही, तुमचाच आठ-पंधरा दिवसांनी येतो, असं त्या म्हणाल्या, म्हणून लिहितो आहे.

घरी सगळे बरे आहेत. गुणाबाईंचा गुडघा थंडीत दुखत होता, आता उतार आहे. तुमच्या शेतातली हरभऱ्याची काढणी सुरू झाली. इकडे आता दुपारी पंखा लावावा लागतो.

शाळेचं म्हणाल तर गणिताचे सर जूनमध्ये बदलून गेले आणि जागा भरलीच नाही. मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवतो. दिवाळीनंतर सहावीचं गणितही माझ्याकडे आलं. परवा शुक्रवारी मी वर्गात एक प्रयोग केला. निलंग्याहून बर्फाचा तुकडा पोत्यात गुंडाळून गाडीवर आणला. तो फोडून बादलीत घातला, त्यात खडेमीठ मिसळलं आणि विज्ञानाच्या बुद्धप्रिया मॅडमनी दिलेली तापमापी आत बुडवली. लेकरं एकमेकांच्या अंगावर चढून बघत होती. पारा नव्हे, त्यात लाल रंगाचं काहीतरी असतं, ते शून्यावर आलं आणि शून्याच्याही खाली गेलं. उणे दोन. उणे पाच. उणे आठ. आपल्या गावात कुणीही डोळ्यांनी उणे बघितलं नव्हतं. मग तापमापी उन्हात धरली. उणे आठ, उणे सहा, उणे तीन, शून्य, आणि तिथून वर थेट तीसपर्यंत. मी विचारलं, "उणे आठवरून उणे तीनवर आलं, तर वाढलं का कमी झालं?" सगळी ओरडली, "वाढलं!"

हे वाचून तुम्हाला वाटेल, सर चांगलं शिकवतात. पण हा प्रयोग मी का केला, ते सांगायला पत्र लिहायला बसलो आणि पानभर दुसरंच लिहीत बसलो.

आदिनाथराव, शिवांगी तुमच्याशी बोलत नाही, त्याला कारण मी आहे.

जानेवारीच्या सुरुवातीची गोष्ट. फळ्यावर तापमापी काढून धन आणि ऋण संख्या शिकवत होतो. म्हटलं, रोजच्या जगण्यातलं उदाहरण सांगा. कुणी उन्हाळ्यातलं निलंगा सांगितलं, कुणी दुकानातला फ्रीज. शिवांगी उठली. म्हणाली, "सर, बाबांकडं रात्री उणे बावीस होतं अन् दुपारी उणे पंधरा झालं. सात अंश वाढलं."

मी म्हटलं, "बावीसचे पंधरा झाले म्हणजे कमी झालं. वजाबाकी येत न्हाई का?"

ती बसली नाही. "न्हाई सर, बाबा म्हणले, आज जरा ऊब हाय."

तुम्ही रोज अंगावर झेलता ते ती खरं सांगत होती आणि मी बावीस आणि पंधरा एवढंच बघत होतो. उणे हा शब्द मी धरलाच नाही. वर्गासमोर एक पोरगी माघार घेत नाही, याचा राग आला. मग मी तुमच्याबद्दल काहीतरी बोललो. वर्ग हसला. ती खाली बसली. त्या दिवसापासून पोरं तिला 'फेकूची पोरगी' म्हणायला लागली आणि मी एकालाही दटावलं नाही.

चूक कुणाचीही होते, असं तुम्ही म्हणाल. पण मला माझी चूक दुसऱ्याच दिवशी कळली होती. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात, ती बघताना. उणे पंधरा मोठी, उणे बावीस लहान. शिवांगीचं बरोबर होतं. त्याच दिवशी वर्गात जाऊन सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी गेलो आणि पुढचा धडा काढला. इतक्या वर्षांत पोरांसमोर चुकलो असं कधी म्हटलं नव्हतं. तोंडच उघडेना.

त्यानंतर घटक चाचणी झाली. एक प्रश्न होता, उणे नऊ आणि उणे चार यांतली मोठी संख्या कोणती. तेवीसपैकी तेवीस लेकरांनी उणे नऊ लिहिलं, कारण सरांनी तसंच शिकवलं होतं. शिवांगीच्या कागदावर आधी उणे चार लिहिलेलं होतं. खोडरबरानं घासून घासून तिथं भोक पडायला आलं होतं, आणि वर उणे नऊ. मला सगळं समजत होतं. तरी मी लाल पेनानं बरोबरची खूण केली.

तेवढ्यावरही थांबलो नाही. गेल्या सोमवारी गुणाबाई शाळेत आल्या. म्हणाल्या, "सर, लेकरू बापाशी बोलंना. मागं फोनवर म्हणली, तुम्ही फेकून राहिलात, अन् दिला ठेवून. आता फोन वाजला की शेजारी पळती. त्यो तिकडं एकटा हाय वो. दर फोनला इचारतो, माझ्या लेकीला काय झालं."

मी काय सांगितलं असेल? म्हटलं, "हे वयच तसं असतं, आई."

त्यांना बरं वाटलं. जाताना म्हणाल्या, "तुम्हीच समजावा तिला. तुमचं लई ऐकती."

त्या फाटकाबाहेर गेल्या आणि मी ऑफिसात शिरलो. तिथं बुद्धप्रिया मॅडम वह्या तपासत होत्या. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या सर, होतं असं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, सर?" आणि कपाट उघडून तापमापी माझ्यासमोर ठेवली.

म्हणून तो शुक्रवारचा प्रयोग. तो झाल्यावर मी फळ्यावर माझंच वाक्य लिहिलं, 'उणे बावीसचे उणे पंधरा झाले म्हणजे कमी झालं', आणि त्यावर फुली मारली. सांगितलं की शिवांगी बरोबर होती, मी चुकलो होतो, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो. मागून एकानं विचारलं, "सर, मग चाचणीचे मार्क?" मी म्हटलं, चाचणी पुन्हा घेऊ, नापास मी झालोय. कुणी हसलं नाही.

मला वाटलं होतं, शिवांगीचा चेहरा खुलेल. तो आणखीच पडला. मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली.

"सर, म्हणजे बाबा खरं बोलत होते."

"हो बेटा."

"मी त्यांला फेकू म्हणलं. आता कसं बोलू?"

ती तुमच्यावर रुसलेली नाही, आदिनाथराव. आपण बापाला खोटं ठरवलं, या लाजेनं ती फोनजवळ येत नाही. ही लाज माझी होती. ती मी अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात घातली. मी म्हटलं, मी बाबांना पत्र लिहितो. ती म्हणाली, "सगळं लिहा. शेगडीचं पण."

ते मी वर टाळलं. आता लिहितो. त्या दिवशी मी भर वर्गात म्हटलं होतं, "उणे बावीसमध्ये माणूस उभा राहतो का कुठं? तुझा बाप तिकडं स्वयंपाकखोलीत शेगडीपाशी बसत असेल अन् घरी फेकून राहिलाय."

हे शब्द माझे आहेत. यावर माफी मागायचं धाडस होत नाही. तुम्ही पोळ्याला आलात तेव्हा तुमच्या बोटांची नखं काळी पडलेली मी पाहिली होती. पाहूनही बोललो.

एकच विनंती. यापुढे फोन कराल तेव्हा तिला काही विचारू नका आणि तिला माफी मागायला लावू नका. आज थंडी किती आहे, तेवढं सांगा. बाकीचं ती बोलेल.

हे पत्र उद्या शिवांगीला वाचायला देणार आहे. तिनं हो म्हटलं, तरच निलंग्याला जाऊन टपालात टाकीन.

ज्याला तुम्ही विश्वासानं 'सर' म्हणालात, तो
शिवकुमार